नाडीत गुंडाळलेलं वायरिंग

मुलींच्या तंत्रशिक्षणाचा प्रश्न आमच्या घरात तत्त्वनिष्ठेने, दूरदृष्टीने आणि समाजाचा रोष पत्करून सोडवला गेला. हे वाक्य माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. अण्णा नांदेडच्या कोर्टात वकील होते. पुढे वयोमानाने त्यांचे सत्कार होऊ लागले, तेव्हा प्रत्येक सत्काराला उत्तर देताना ते हे वाक्य म्हणत. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत असे आणि समाजाचा रोष नेमका कोणत्या गल्लीत राहत होता ते आठवून बघत असे. मला आठवे ती एक मोटार, पायजम्याच्या नाड्यांचे दोन गठ्ठे आणि लातूरचे एक मामा.

मोटार इंग्रजी बनावटीची, काळी, पुढे उभी जाळी आणि दोन्ही बाजूंना भांड्यांएवढे दिवे. उदगीरकडच्या एका जहागीरदाराच्या वारसांची वाटणी अण्णांनी करून दिली होती. त्या वाटणीत जमिनीवरून, दागिन्यांवरून, इतकंच काय हंड्यांवरून भांडणं झाली. फक्त ही मोटार कुणालाच नको होती. म्हणून ती आमच्याकडे आली. अण्णांनी तिच्यासाठी अंगणात पत्र्याची शेड बांधली आणि दर दसऱ्याला तिला हार घालायला सुरुवात केली. एरवी ती झेंडावंदनाला आणि महत्त्वाच्या तारखेला कोर्टात जात असे. तिच्या आतल्या वायरी कापडी वेष्टणाच्या होत्या. आतल्या रबराचा भुगा झाला होता आणि कापड उंदरांनी आवडीने खाल्लं होतं. वायपर लावला की हॉर्न वाजे. उजवीकडे वळण्याची खूण केली की आतला दिवा लागे. अण्णा म्हणत, विलायती यंत्राचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

एके दिवशी कोर्टाला जाताना तिचा फ्यूज उडाला. अण्णांनी त्या जागी आईच्या अंबाड्यातला आकडा खोचला आणि गाडी सुरू केली. आमच्याकडे तेव्हा ही सर्वमान्य पद्धत होती. फ्यूज म्हणजे उगाच जळणारी नाजूक तार, तिच्या जागी चांगली जाड काहीतरी घातली की कटकट मिटते, असं सगळ्यांचं मत होतं. घरातल्या मीटरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे हेच. कोर्टाच्या फाटकात पोचेपर्यंत आकडा शाबूत राहिला आणि त्याच्या मागचं सगळं वायरिंग धुमसू लागलं. डॅशबोर्डातून धूर आला. फाटकावरचा शिपाई धावत आला आणि म्हणाला, "वकीलसाब, उतरा आधी! आत चूल मांडलीय का काय?" अण्णा सावकाश, कागदांची पिशवी सांभाळत उतरले. गाडी बैलांनी ओढून घरी आणली. त्या बैलांचा वेग गाडीच्या नेहमीच्या वेगापेक्षा फार कमी नव्हता.

हे सगळं विसरलं गेलं असतं. पण त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न लातूरला ठरलं. घराणं आडतीच्या धंद्यातलं, माणसं भली, पण सगळी सूत्रं नवऱ्या मुलाच्या मामांच्या हाती. त्यांना बापूमामा म्हणत. दोन ट्रकांचे मालक, भरघोस मिशा, आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारण्याची सवय. बैठकीत त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "वरातीचं काय वकीलसाहेब? आमच्याकडं लई जीपा हायत." अण्णांना जीप हा शब्द टोचला असावा. ते म्हणाले, "माझी मुलगी माझ्या मोटारीतून सासरी जाईल." आतल्या खोलीत आईने कपाळावर हात मारला, तो मी पाहिला. लग्नाला पंचवीस दिवस होते.

माझीही एक गोष्ट त्याच दिवसांत अडकली होती. मी बारावी शास्त्र पास झाले होते आणि तंत्रनिकेतनचा, इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा, छापील अर्ज आणून ठेवला होता. त्यावर पालकांची सही हवी होती. मला रेडिओ उघडायला आवडे, इस्त्रीची जळालेली वायर मीच बदलत असे. अण्णांना ही आवड तात्पुरती वाटे. अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला की ते "बघू" म्हणत. आमच्या घरात "नाही" म्हटलं तर अपील करता येत असे; "बघू" म्हणजे पुढची तारीख, आणि तारखांच्या बाबतीत अण्णांचा हात धरणारा नांदेडात कुणी नव्हता.

गाडी बघायला रज्जाक उस्ताद आले. शहरातल्या वजिराबाद भागात त्यांचं मोटारींच्या बॅटऱ्या आणि वायरिंगचं दुकान होतं. देह अवाढव्य, एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. बॉनेट उघडून ते बराच वेळ नुसते बघत राहिले.

"वकीलसाब, ये वायरिंग नै है. ये चिवडा है."

"दुरुस्त नाही होणार?"

"नै. पूरा निकालना, पूरा नवा डालना. पन मैं अंदर कैसा घुसूं? मेरा पेट दरवाजे में अटकता." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या टेस्टलँपशी, म्हणजे दोन वायरी लावलेल्या साध्या बल्बशी, चाळा करत उभी होते. "इस बच्ची का हाथ पतला है. ये घुसेगी, मैं बाहर बैठके बोलूंगा."

अण्णा म्हणाले, "उस्ताद, लग्नघर आहे. मुलीची जात. गाडीखाली कुठे...?"

"तो आप घुसो."

अण्णांनी डॅशबोर्डखालची जागा पाहिली, स्वतःचं पोट पाहिलं आणि कोर्टात निघून गेले. हरकत नोंदवली गेली होती, पण आदेश झाला नव्हता.

उस्तादांची शिकवण्याची पद्धत एकच होती: आधी नाव, मग कात्री. एकही वायर तोडण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना कापडाची चिंधी बांधायची आणि ती कुठून कुठे जाते ते चिंधीवर लिहायचं. चाळीस वर्षांत सगळ्या वायरींचा रंग एकच, मातकट झाला होता, म्हणून प्रत्येक वायर बल्ब लावून तपासावी लागे. मी डॅशबोर्डखाली उताणी पडून असे, तोंडावर गंज पडे, आणि उस्ताद बाहेर खुर्चीत बसून विचारत, "बत्ती लगी?" "लागली." "लिख." चार दिवसांनी सगळं वायरिंग अखंड बाहेर आलं. मोठ्या वाळक्या वेलीसारखं, मधे जाड खोड आणि ठिकठिकाणी फुटलेले फाटे.

ते आम्ही बैठकीच्या खोलीत शहाबादी फरशीवर पसरलं आणि खडूने त्याची आकृती काढली. नवं वायरिंग त्या आकृतीवर बेतायचं होतं. लाकडी फळीवर खिळे ठोकून वायरी वळवतात, पण फरशीत खिळे कसे ठोकणार? म्हणून प्रत्येक वळणावर घरातली एकेक जड वस्तू ठेवली. डाव्या दिव्याच्या वळणावर पितळी तांब्या, उजव्याच्या वळणावर दुसरा, हॉर्नच्या फाट्यापाशी खलबत्ता, आणि सगळे फाटे जिथे एकत्र येत तिथे वरवंटा. वरवंटा बैठकीत गेल्यामुळे आठ दिवस घरात वाटणाची चटणी झाली नाही, कुटलेल्या शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीवर भागवलं. तीही खलबत्ता उसना आणून. लग्नाच्या कामाला आलेल्या बायका साड्या वर धरून ते ओलांडत. कुणी विचारलं की आई सांगे, "मोटारीचं आतडं हाय. पाय देऊ नका." पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येई, मग कापड गिरणीचा भोंगा होई, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या शांत वेळात मी फरशीवर बसून वायरी कापत असे. सगळ्या आयुष्यात इतकं एकाग्र होऊन मी फार थोड्या वेळा काम केलं आहे, नोकरीत तर जवळजवळ नाहीच. आतून आई ओरडे, "मंगे, काय करायलीस गं अजून? सुशीला गार व्हायलीय!" बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, आमच्याकडचा सकाळचा नाश्ता. पुण्याची एक पाहुणी हे ऐकून घरातल्या सुशीलाबाईंची बराच वेळ चौकशी करत होती.

वायरी मापाने कापून झाल्या, पण त्या एकत्र बांधायच्या कशाने? बाजारातली काळी चिकटपट्टी आमच्या उन्हात वितळून सुटते, असं उस्तादांचं म्हणणं. सुती पट्टी हवी, वरून व्हार्निश मारायचं. सुती पट्टी नांदेडात मिळेना. आई शेवया वाळत घालता घालता ऐकत होती. ती म्हणाली, "नाडी चालंल का?"

उस्तादांनी पट्टीचा डोळा आणि मोकळा डोळा दोन्ही तिच्याकडे वळवले. "भाभी, ये तो मेरेको सूझाच नै."

पायजम्याच्या चपट्या नाड्यांचे दोन गठ्ठे आले. गुंडाळायचं काम आईने घेतलं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, घट्ट, सारखा, जसं पोराच्या कापलेल्या बोटाला चिंधी बांधावी तसं. ताई मेंदीच्या आदल्या दिवसापर्यंत दुसऱ्या टोकाने गुंडाळत होती. ती मधेच मला हळूच म्हणाली, "मंगे, हे पेटणार नाही ना? मला त्यात बसायचंय." मी म्हटलं, "नाही पेटणार." ती म्हणाली, "अण्णा पण असंच म्हणाले होते."

हल्ली ताईचा मुलगा पुण्यात जुन्या मोटारी बाळगतो. त्याच्याकडे तयार वायरिंग कुरिअरने येतं, प्रत्येक टोकाला छापील चिठ्ठी असलेलं. मग तो इतर हौशी लोकांबरोबर टोपी घालून रॅलीत जातो आणि कुणीतरी पदाधिकारी झेंडा दाखवतो. फोटो आमच्या ग्रुपवर येतात. मी अंगठा पाठवते. नाडीचं त्याला मी एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "मावशी, ते ऑथेंटिक नाही."

वायरिंग चढवायला तीन दिवस लागले. मूळ गाडीत दोनच फ्यूज होते. उस्तादांनी आपल्या मनाने एक तिसरा वाढवला, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांचा बाप. तो घरातल्या मीटरजवळ असतो तसला चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता. डाव्या बाजूला, डॅशबोर्डखाली, लाकडी पट्टीवर बसवलेला. त्या इंग्रजी मोटारीत तो तुळशीवृंदावनासारखा दिसे. फ्यूजच्या तारेची एक छोटी गुंडाळी त्यांनी माझ्या हातात दिली.

"ये जलेगा तो डरना नै, खुश होना. उसका कामच जलना है. पन कोई मोटी तार डालने आया, तो उसका हात पकड. कोन बी हो."

संध्याकाळी अण्णांसमोर गाडी सुरू झाली. वायपर लावला तर वायपर हलला. हॉर्न दाबला तर हॉर्न वाजला. इतकी वर्षं त्या गाडीशी संसार केल्यावर अण्णांना हे जरा सपक वाटलं असावं. मी तीच वेळ साधून अर्ज पुढे केला.

"लग्न होऊ दे," अण्णा म्हणाले. "गाडीने लातुरात मान खाली घालायला लावली नाही, तर बघू."

हे नेहमीचं "बघू" नव्हतं, त्याला अट जोडलेली होती. मी खूश झाले. पण दुसऱ्याच दिवशी ते लातूरला पाठवायचं पत्र मोठ्याने वाचत होते, त्यात होतं, "मोटारीचे संपूर्ण वायरिंग हैदराबादेहून खास कारागीर बोलावून करून घेतले आहे."

"अण्णा, मी हैदराबादची कधी झाले?"

"मुलीची बाजू आहे, मंगल. धाकटी बहीण गाडीखाली लोळते हे व्याह्यांना कळवायचं? काही गोष्टी रेकॉर्डवर आणायच्या नसतात."

म्हणजे गाडी बंद पडली तर माझा डिप्लोमा गेला, आणि गाडी बंद पडल्यावर मी ती सुरू केली तरी गेला.

नांदेड ते लातूर प्रवास मात्र फार सुखाचा झाला. अण्णा चालवत होते, शेजारी आई, मागे ताई आणि मी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. गाडी एका लयीत, समाधानाने गुणगुणत चालली होती. चाकूरजवळ लिंबाच्या सावलीत थांबून आम्ही धपाटे आणि दही खाल्लं. एक म्हातारा शेतकरी काठी टेकत आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "निजामाची हाय का?" अण्णांनी नाही म्हटलं नाही. दुपारी लातूर आलं.

लग्न दुसऱ्या दिवशी लागलं आणि दिवेलागणीला वरात निघाली. नवरानवरी मागे, त्यांच्या शेजारी करवली म्हणून मी, हातात कलश, अंगावर आईची जांभळी रेशमी साडी. पुढे अण्णा चालवायला आणि त्यांच्या डाव्या हाताला बापूमामा, फेट्यासकट. पुढे बँड होता, दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका. सगळं ठीक होतं. फक्त गाडीवर आमच्या माहितीत नसलेल्या दोन गोष्टी होत्या. आम्ही जेवत असताना मुलाकडच्या उत्साही पोरांनी टपावर एक कर्णा बांधला होता आणि पुढच्या जाळीवर रंगीत बल्बांची माळ सोडली होती. दोन्हींच्या वायरी बॉनेटखाली आमच्या नव्या वायरिंगला चिमट्यांनी जोडल्या होत्या. करवलीला विचारायची पद्धत नव्हती.

गंजगोलाई या लातूरच्या गोल बाजारपेठेच्या वळणावर कर्ण्यातून वरपक्षातल्या वडीलधाऱ्यांची नावं घोषित होत असताना सगळं एकदम बंद पडलं. दिवे गेले, माळ गेली, कर्णा एका आजोबांच्या आडनावाच्या मधेच थांबला आणि इंजिन मुकं झालं. बँड दहा पावलं पुढे जाऊन थांबला.

अण्णांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता.

"फ्यूज गेला असंल," बापूमामा म्हणाले, आणि वाकून त्यांनी तो पांढरा फ्यूज ओढून काढला. "हे बघा, तार जळलीय. हैदराबादवाल्यानं बारीक तार टाकलीय की! हे काय चालायचंय व्हय?" त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "ए पोऱ्या, कर्ण्याची उरलेली जाड वायर दे रे तोडून. आमच्या ट्रकात मी हाताच्या करंगळीएवढी टाकतो. पुन्हा म्हणून जळत न्हाई!"

कुणीतरी जाड तांब्याची तार दिली. ती सोलून मामा फ्यूजमध्ये पिळू लागले. कर्णा आणि माळ तशीच जोडलेली होती. मला कोर्टाच्या फाटकातला धूर दिसला, आणि या वेळी आत ताई होती. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा समोर पाहत होते. त्यांनाही कळलं होतं. आकडा त्यांनीच खोचला होता. पण मुलीचा बाप मुलाच्या मामाला काय म्हणणार?

मी कलश ताईच्या मांडीवर ठेवला, पुढच्या सीटवरून वाकले आणि मामांचं मनगट धरलं.

"मामा, हात काढा!"

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बँडवाल्यांनीही वळून पाहिलं. नवऱ्या मुलाच्या मामाला, भर वरातीत, करवलीने. एक बाई म्हणाली, "अगं बया!" ताई कुजबुजली, "मंगे, सोड." मी सोडलं नाही.

"ती तार टाकली तर फ्यूज जळणार नाही, गाडी जळेल. आधी कर्णा काढा. माळ काढा."

"तुला काय कळतंय गं यातलं?" मामांच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं.

"हे वायरिंग मी केलंय."

मग मी खाली उतरले. साडी खोचली, बॉनेट उघडून दोन्ही चिमटे काढले, पुढचं दार उघडून मामांना उतरायला लावलं, आणि रस्त्यावर गुडघे टेकून, एका बाईच्या गॅसबत्तीच्या उजेडात, फ्यूजला बारीक तार बांधली. तारेची गुंडाळी कमरेला खोचलेली होती. फ्यूज बसवला. अण्णांनी किल्ली फिरवली, स्टार्टरचं बटण ओढलं आणि इंजिन लागलं. दिवेही लागले. कर्णा नसल्यामुळे वरात एकदम सभ्य वाटू लागली.

बापूमामा फेटा सावरत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं. "काय हो वकीलसाहेब, हैदराबादचा कारागीर म्हणला होतात?"

मी मनात अर्ज फाडून टाकला होता.

अण्णा गाडीतून उतरले. पुढे अनेक वर्षं मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना भूमिका बदलताना पाहिलं, पण इतक्या डौलाने कुणालाच जमलं नाही. त्यांनी कोटाची बटणं लावली, जमलेल्या लोकांकडे वळले आणि म्हणाले, "हा कारागीर माझ्या घरात तयार झाला, हे मी मुद्दाम कळवलं नव्हतं. काम आधी बोलावं, नाव मग, असं माझं मत आहे. मुलींनी तंत्रशिक्षण घेतलं पाहिजे हे मी किती दिवस म्हणतो आहे. माझी धाकटी मुलगी याच वर्षी इलेक्ट्रिकलला जाणार आहे!"

बँडवाल्याला वाटलं भाषण संपलं की वाजवायचं असतं. त्याने वाजवलं. बापूमामांनी अण्णांच्या खांद्यावर थाप मारली, उभ्या माणसाचा गुडघा हाताला लागत नाही म्हणून, आणि मला म्हणाले, "आमच्या एका ट्रकाचे मागचे दिवे लागत न्हाईत बघ. उद्या सत्यनारायण झाला की बघशील का?" मी बघितले. त्यातही करंगळीएवढी तार होती.

नांदेडला परतल्यावर अण्णांनी अर्जावर सही केली. गोलाईत शे-दोनशे साक्षीदार होते, आता तारीख वाढवणं शक्य नव्हतं. ते स्वतः माझ्याबरोबर तंत्रनिकेतनमध्ये आले, काळा कोट घालून. रस्त्यात त्यांनी मला मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेल्यास करायच्या युक्तिवादाचे तीन मुद्दे सांगितले. अर्जाची मुदत कालच संपली असल्यास चौथाही मुद्दा तयार होता.

खिडकीमागचा कारकून डबा खात होता. त्याने डाव्या हाताने अर्ज घेतला, न वाचता शिक्का मारला आणि विचारलं की इलेक्ट्रिकलच्या निम्म्या जागा अजून रिकाम्या आहेत, घरात आणखी कुणी बारावी झालेलं आहे का.